मले जोडा काहून?

शुद्धीवर आली तं नाकावर जोडा होता.

कातड्याचा. काळा, पॉलिश केलेला. आत मोज्याचा ओला वास. माझा एक गाल बिल्डिंगच्या पार्किंगच्या फरशीवर, गालाखाली बारीक रेती टोचून राहिली, अन् वरून कोणाचा तरी हात तो जोडा दाबून राहिला. नुसता धरलेला नाही. दाबलेला. म्हणजे मी श्वास घेतला तं जोड्यातूनच घ्यावा.

"आली, आली शुद्धीवर," कोणीतरी म्हटलं. "पाहिलं? जोड्याचा गुण आहे."

कोणीतरी हसलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मले आजपर्यंत समजलं नाही.

मिर्गीतून वापस येताना माझे आधी कान येतात, मंग डोळे, अन् अंग सगळ्यात शेवटी येते. कानात पहिले भुरीचा आवाज आला. भुरी माझी कुत्री. ती रडून राहिली होती. डोळे उघडले तं ती गेटच्या जाळीले नायलॉनच्या दोरीनं बांधलेली दिसली, इतकी आखूड बांधलेली का तिले बसता बी येऊन नाही राहिलं. पाठीवर काठीचा वळ. मंग माझ्या डोळ्यासमोर पाय दिसले. पायच पाय. चपला, स्लिपर, बूट. त्यातल्या एका पायात नुसता राखाडी मोजा होता. तो पाय आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा. त्याच्या बाजूले दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, हातात कापडी थैली, थैलीतून कांदे डोकावून राहिले. रविवारी गेटवर भाजीचा ठेला येते, तिथूनच घेतले असतील.

माझी सलवार ओली झाली होती. ते बी लिहिते. फिटमधे होते तसं. लपवायचं काय त्यात?

सेक्रेटरीनं आपला जोडा वापस घेतला, फरशीवर दोनदा आपटला, पायात घातला. मंग खाली वाकून, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं मले म्हणाला, "बाई, ही कुत्री आता इथे राहणार नाही. उद्या सकाळी महापालिकेची कुत्री पकडणारी गाडी येईल. मी फोन केलाय."

माझी जीभ चावली गेली होती. तोंडात रक्त. बोलायले गेली तं नुसता आवाज निघाला. त्या आवाजालेच तो "हो" समजला, अन् निघून गेला.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. मी जशी बोलते तशीच लिहून राहिली. शुद्ध मराठीतून माझा लय अपमान झाला आहे. ते शुद्ध त्यायच्याजवळ राहू द्या.

तं, मी पार्किंगमधे पडली काहून, ते सांगते.

आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात राहतो, चौथ्या मजल्यावर, मी अन् माझी माय. त्या सकाळी मी भुरीले खाली फिरवायले नेलं होतं. वापस आली, लिफ्टसमोर उभी राहिली, तं भुरीनं सुरू केलं. आधी माझ्याभोवती चकरा. मंग डोकं माझ्या गुडघ्यामागं दाबणं. मंग खालच्या आवाजात भुंकणं. ही तिची रीत आहे. याचा अर्थ एकच. फिट येऊन राहिली, घरी चल, नाही तं आहे तिथं बस.

लिफ्टचं दार उघडं होतं. आत सेक्रेटरी अन् त्याचा ब्रूनो. ब्रूनो म्हणजे सोनेरी लॅब्राडोर, खाऊन खाऊन फुगलेला. साहेब कुठंतरी साखरपुड्याले जाऊन राहिले होते, त्याआधी ब्रूनोले फिरवून वर सोडायले चालले होते. मी पाय आत टाकला. त्यानं हात आडवा केला.

"कुत्रं लिफ्टमध्ये नाही."

मी ब्रूनोकडे पाहिलं. ब्रूनो भुरीकडे पाहून शेपूट हालवून राहिला.

"साहेब, मले फिट येऊन राहिली. जाऊ द्या."

"जिन्यानं जा. ब्रूनोला इन्फेक्शन होईल."

दार बंद झालं. जिन्यानं जा म्हणे! चार मजले, सिमेंटच्या पायऱ्या, अन् अंगात फिट. वरून खाली आली असती तं डोकं फुटून आली असती. मी भिंतीले पाठ लावून खाली बसली. भुरी माझ्या पायावर आडवी झाली, तेवढं आठवते. बाकी मायनं लोकायकडून ऐकून सांगितलं. भुरी जोरजोरानं भुंकली, कारण मी पडली तं मायले बोलवायचं हे मी तिले शिकवलं आहे. भुंकणं ऐकून सेक्रेटरी वरून वापस आला. त्यानं ठरवलं का कुत्रीनंच मले पाडलं. कुत्रीले काठी. कुत्रीले दोरी. अन् मले जोडा.

माय पोचली तोपर्यंत सगळं झालं होतं. ती गुडघ्यामुळं हळू उतरते.

आता जोड्याचं ऐका. हा जोडा काही माझ्या आयुष्यातला पहिला नाही.

मी कन्हानची. बाबा कोळशाच्या खाणीत, माय अंगणवाडीत सेविका. सहावीत होती तवा शाळेच्या अंगणात, प्रार्थनेच्या रांगेत पहिली फिट आली. गुरुजी ओरडले, "जोडा आणा, कातड्याचा!" आता पोट्ट्यायच्या पायात रबरी चपला. कातड्याचे बूट होते एकट्या गुरुजीच्या पायात. त्यायनं आपल्या पायाकडे पाहिलं, मंग माझ्याकडे पाहिलं, अन् आमच्या घरी निरोप पाठवला. माझ्यासाठी पायातला जोडा काढणं त्यायले जमलं नाही. तवा मले याचा राग आला नव्हता. आता येते.

बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते. खाणीतले बूट घालूनच पळत आले. एक बूट काढला अन् स्वतःच्या हातानं माझ्या नाकाले लावला. तोपर्यंत फिट आपोआप थांबली होती. पण सगळे म्हणाले, बुटानं थांबली. मायले वाटलं, चला, इलाज भेटला.

मंग मायनं काय केलं? बाबाचा एक जुना बूट पेपरात गुंडाळून माझ्या दप्तरात टाकला. रोज. माझ्या पुस्तकायसोबत, माझ्या पोळीच्या डब्यासोबत, खाणीतला बूट. लोखंडी टोकाचा, शिवणीत कोळसा भरलेला. फिट आली तं शाळेत जोडा शोधायले टाइम नको जायले, म्हणून. लेकराच्या जिवासाठीच केलं तिनं. पण मले रोज तो बूट वाहून न्यावा लागे. पोट्टे मले "बुटवाली" म्हणत. कोणाची चप्पल हरवली तं माझं दप्तर पाहत, अन् खी खी हसत.

गुरुजीले बुटाचं समजलं तवा ते म्हणाले, "इथं सरस्वती बसते. जोडा वर्गाच्या बाहेर." मी बूट काढून बाहेर ठेवायले गेली तं म्हणाले, "दप्तरच बाहेर टांग. सगळंच लागलं आहे त्याले." व्हरांड्यात एक खिळा होता. माझं दप्तर त्या खिळ्यावर. गणिताचं पुस्तक पाहिजे तं उठ, बाहेर जा, आण. भूगोल पाहिजे तं परत जा. सगळ्या वर्गासमोरून. पावसाचे फटकारे आले का पुस्तकं ओली. सातवी, आठवी, नववी, मी अशीच शिकली. अन् घरी येऊन सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तं मायनं गुरुजीचे पाय धरले असते.

मायचा राग येत नाही असं नाही. येते. प्रेमाचा बी राग येते माणसाले.

बाबा गेले. त्यायचं जे मिळालं त्यातून मायनं नागपुरात हा फ्लॅट घेतला. इथं सरकारी दवाखान्यात मी एका डॉक्टरीणबाईले दाखवलं. त्यायनं सगळं विचारलं. फिट आली तं घरचे काय करतात? मायनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "बूट हुंगवतो जी." बाईनं पेन खाली ठेवला.

"जोड्यानं काही होत नाही," त्या म्हणाल्या. "फिट आपली आपण थांबते. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. तोंडात काही घालायचं नाही, नाकाशी काही धरायचं नाही. थांबतच नसेल तर दवाखान्यात आणायचं. बस."

बस! एवढंच होतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडली. दुःखानं नाही, संतापानं. माय म्हणत होती, चाल वं, लोक पाहून राहिले. मी म्हटलं, पाहू दे. आतापर्यंत बी लोक पाहूनच राहिले होते.

त्या दिवशी मायनं बाबाचा बूट माळ्यावर टाकला. फेकला नाही. म्हणे, बाबाची निशाणी आहे.

मी हिंगण्याले एका कंपनीत शिलाईवर होती. कंपनीच्या बसमधे फिट आली. तिथं ड्रायव्हरची चप्पल. अन् दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुम्ही घरीच आराम करा." आराम म्हणजे नोकरी गेली. मंग मी घरी मशीन टाकली. ब्लाउज, शाळेचे ड्रेस, पिको-फॉल. अन् एकदा मशीनवरच फिट आली, सुई बोटातून आरपार गेली. पाय पायडलावर होता, मशीन चालूच.

त्याच्यानंतरची गोष्ट भुरीची.

भुरी रस्त्यावरची. ठेल्याखाली झोपायची. पिल्लू होती तवा पावसात गाडीखाली येता येता वाचली, मी वर आणली. मायनं कटकट केली, मंग तीच दूधपोळी चारायले लागली. माझ्या मशीनखाली तिची जागा. एक दिवस मी शिवून राहिली, तं भुरी उठली अन् पायडलावरच्या माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी सरकवलं. तिनं परत ठेवलं. मी रागावली, तं तिनं पुढचा पाय माझ्या पायावर दाबून धरला अन् भुंकली. मशीन बंद पडली. मी उठून पलंगाकडे गेली, अन् पलंगावरच फिट आली. तवा वाटलं, योगायोग असंल. मंग पुन्हा झालं. पुन्हा झालं.

डॉक्टरीणबाईले सांगितलं तं त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काही कुत्र्यांना आधी कळतं, असं दिसतं. बाहेरच्या देशात तशी कुत्री तयार करतात. पण खात्री नसते, सगळ्यांना जमत नाही. तुझ्या कुत्रीला जमत असेल तर चांगलंच आहे. गोळी मात्र चुकवायची नाही." मी गोळी चुकवत नाही. भुरीले बी मी शिकवलं, मोबाइलवर पाहून पाहून. मी पडली का भुंकायचं. माय आली का चूप बसायचं. बरोबर केलं का उकडलेल्या अंड्याचा तुकडा. चुकते बी कधी कधी. पण मायनं मले बाजारात एकटी जाऊ दिलं ते भुरीमुळं. तिच्या आधी मी संडासात बी कडी लावत नव्हती.

मी तिच्यासाठी एक जाकीट शिवलं. निळं, जाड कापडाचं. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं अक्षरं काढली: "हिच्या मालकिणीला मिर्गी आहे. ही तिची मदतनीस." बिल्डिंगमधे पहिल्यांदा घालून नेलं तवा सेक्रेटरी म्हणाला, "वा! कुत्रीला कोट! आता शाळेतही घालणार का?"

त्याच्याबद्दल मले आधीपासूनच समजलं होतं. आम्ही राहायले आलो त्या दिवशी त्यानं आमच्या दारावरचं पंचशीलाच्या झेंड्याचं स्टिकर पाहिलं अन् म्हणाला, "अच्छा, अच्छा." तोंडावर हसू. दोनदा अच्छा म्हणण्यात काय असते ते आमच्या लोकायले पटकन समजते. त्यानंतर त्याच्या घरच्या सत्यनारायणाचं आमंत्रण त्यानं आमाले कधी दिलं नाही. मले जायचं बी नव्हतं म्हणा.

त्याच रविवारी संध्याकाळी मीटिंग ठेवली. पार्किंगमधेच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. जिथं मी पडली होती तिथं सेक्रेटरीची खुर्ची होती. फरशी फिनाइलनं धुतलेली. वास येऊन राहिला होता.

मी आंघोळ करून, स्वच्छ ड्रेस घालून गेली. भुरी सोबत, जाकीट घातलेली. पाठीवर वळ होता म्हणून जाकिटाचा पट्टा ढिला केला होता. माय माझ्या मागून.

"हे सभ्य लोकांचं अपार्टमेंट आहे," सेक्रेटरीनं सुरू केलं. "गावठी कुत्री तुमच्या वस्तीत चालत असेल. इथे चालणार नाही."

तुमच्या वस्तीत. आम्ही त्याच्याच बिल्डिंगमधे, त्याच्याच लिफ्टच्या वर-खाली, त्याच्या घराच्या एक मजला खाली राहतो. तरी आमची वस्ती अलग.

"ब्रूनो कसा चालते?" मी विचारलं.

"ब्रूनो पेडिग्री आहे. त्याची जात वेगळी."

घ्या. कुत्र्याची बी जात काढली यानं. अन् कोणालेच त्यात काही वाटलं नाही, सगळे माना हालवून राहिले.

"उद्या गाडी येतेय," तो म्हणाला. "विषय संपला."

तवा माय उठली. हात जोडले. माझी माय, जिनं अर्ध्या कन्हानच्या लेकरायले बोट धरून अक्षरं शिकवली, ती वाकली.

"साहेब, लेकरू बिमार आहे माह्यं. चुकी झाली. माफ करा. पण कुत्रीले नेऊ नका जी, तिच्या भरोशावर पोरगी जगून राहिली."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. फिट नाही. फिट मले माहीत आहे. हे दुसरं होतं.

"माय, हात खाली घे."

तिनं घेतले नाही. तशीच उभी. मी जवळ गेली, तिचे दोन्ही हात धरले अन् ओढून खाली केले.

"चुकी कायची वं? पडली ही चुकी?"

मंग मी सेक्रेटरीकडे वळली. 

"साहेब, ही कुत्री बेवारस नाही. माझी आहे. तिची इंजेक्शनं झाली आहेत, तिच्या गळ्यात पट्टा आहे, तिची मालकीण इथं उभी आहे. गाडी येऊ द्या. गाडीत आधी मले बसवावं लागंल."

"आवाज खाली!"

"सकाळी माझ्या नाकावर जोडा कोणाचा होता?"

त्यानं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"सांगा ना. आभार मानायचे आहेत."

"मी जीव वाचवला तुमचा," तो म्हणाला. चेहरा लाल. "कृतघ्नपणालाही मर्यादा असते."

"जोड्यानं मिर्गी थांबत नाही. ती आपोआप थांबते. मले कुशीवर वळवायले पाहिजे होतं, तेवढंच. अन् त्याच्या आधी लिफ्टमधे घ्यायले पाहिजे होतं, ते बी तेवढंच. तुमच्या मायले फिट आली असती, तं हाच जोडा तिच्या नाकावर दाबला असता तुम्ही?"

तो उठला तशी त्याची खुर्ची मागं पडली. "तोंड सांभाळून बोला! माझ्या आईचं नाव घेता?"

बरोबर. तिचं नाव घेतलेलं बी चालत नाही. मी मायचा हात धरला, भुरीले घेतलं अन् निघाली. कोणी माझ्या बाजूनं एक शब्द बोललं नाही. काकू खाली मान घालून हातातल्या बांगड्या फिरवून राहिल्या.

तासाभरानं दारावर टकटक. काकू. पदराखाली वाटी, वाटीत रव्याचा लाडू. आत आल्या अन् दार स्वतःच लोटून घेतलं. खुर्चीच्या टोकावर बसल्या. भुरी त्यायच्या पायाजवळ जाऊन वास घेऊन आली.

"एक विचारू का वं?" एकदम बारीक आवाज. "अशी कुत्री कुठं भेटते?"

"कायले पाहिजे?"

काकूनं दाराकडे पाहिलं. "आमच्या पोरीले बी आहे. लहानपणापासून. कोणाले सांगू नको वं, पाया पडते. तिचं जमवून राहिलो. समजलं तं कोण करंल तिले?"

तवा मले समजलं का ती पोट्टी कॉलेजातून आली का खाली कधी दिसत काहून नाही. तिच्यासाठी मले वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी काकूले सांगितलं का अशी कुत्री दुकानात भेटत नाही, भुरी नशिबानं भेटली, पण डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पोरीले तिथं न्या, गोळी चुकवू देऊ नका. अन् लग्न लपवून करू नका, पोट्टीचे हाल होतील. त्या मान हालवत राहिल्या.

मंग मी सहज विचारलं. खरंच सहज. "फिट आली तं तुम्ही काय करता?"

"कांदा हुंगवतो. फोडून."

"जोडा नाही?"

"शी! लेकीच्या नाकाले जोडा कसा लावू वं?"

पटकन बोलून गेल्या. मंग स्वतःचंच बोलणं त्यायले ऐकू आलं. हात तोंडाकडे गेला.



"काकू, सकाळी तुमच्या हातात कांदे होते. थैलीभर."

त्या खुर्चीवरून उठल्या.

"मंग मले जोडा काहून?"

वाटी तिथंच राहिली, लाडू तसाच. गेल्या. जाताना दार हळूच लावलं, आवाज होऊ दिला नाही. शेजारी समजलं असतं ना, का त्या आमच्या घरी आल्या होत्या.

कांद्यानं बी काही होत नाही. कांदा बी फालतू अन् जोडा बी फालतू. दोन्ही अडाणीपणाच. पण अडाणीपणा करतानी बी या लोकायच्या हाताले माहीत होतं, कोणाच्या नाकाले काय लावायचं. त्यासाठी कोणी विचार केला नाही, कोणी दुष्टपणा बी केला नसंल. थैलीभर कांदे घेऊन बाई उभी आहे, अन् हात जोड्याकडे जाते. याच्याहून दुष्ट असते तं बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आपल्याले कोणी कांदा सांगितलाच नाही वं," ती म्हणाली. "तुह्या आजीनं जोडा सांगितला. तिले तिच्या मायनं. आपल्यात जोडाच."

असं म्हणून ती भिंतीले टेकून खाली बसली. मी तिले जवळ घेतलं नाही. खोटं काहून सांगू? मले तवा तिले जवळ घेता आलं नाही. मी स्टूल लावला, माळ्यावर हात घातला, अन् बाबाचा बूट काढला. पेपर पिवळा पडून तुकडे तुकडे झाला होता. बूट तसाच होता. जड. टोकाचं लोखंड गंजलेलं. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. बाबानं या बुटावर आमचं घर उभं केलं. आमच्या मिर्गीसाठी नव्हता हा बूट.

सकाळी मी भुरीले जाकीट घातलं अन् खाली उभी राहिली. गाडी आली नाही. दुपारपर्यंत बी आली नाही. म्हणजे फोनच केला नव्हता त्यानं. नुसती धमकी. अन् त्या धमकीसाठी माझी माय लोकायसमोर वाकली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं बटन दाबलं. लिफ्ट वरून आली. दार उघडलं. आत सेक्रेटरी अन् ब्रूनो.

"पुढच्या वेळी या," तो म्हणाला.

मी आत गेली. भुरी माझ्या पायाशी बसली. त्यानं ब्रूनोची साखळी ओढली, पण ब्रूनोले जात समजत नाही, त्यानं भुरीच्या कानाचा वास घेतला अन् शेपूट हालवली.

"गाडीचं काय झालं, साहेब?"

त्यानं तिसऱ्या मजल्याचं बटन दाबलं. तिथं उतरला अन् जिन्यानं खाली गेला. ब्रूनो मागं पाहत पाहत गेला. जाऊ द्या. त्यायचे पाय चांगले आहेत, त्यायले जिना जमते.

हे काही संपलं नाही. अजून बी लिफ्टमधे आम्ही असलो का काही जण बाहेरच थांबतात. कोणी नाकाले रुमाल लावतात. काकू मले पाहिलं का मोबाइल काढतात. त्यायच्या पोरीचं जमलं म्हणे. भुरीचा वळ गेला, पण काठी दिसली का ती अजून माझ्या मागं येते. मी रोज लिफ्टनं जाते. रोज. कधी कधी तं काही काम नसलं तरी जाते.

अन् मी परत पडीन, हे बी मले माहीत आहे. गोळी घेऊन बी कधी येते. भुरी कधी चुकंल, कधी म्हातारी होईल. मी पार्किंगमधे पडीन, बाजारात पडीन, बसमधे पडीन. पडणं माझ्या हातात नाही. म्हणून शुद्धीत आहे तोपर्यंतच सांगून ठेवते. कुशीवर वळवता येत असंल तं वळवा. डोक्याखाली तुमचा दुपट्टा देता येत असंल तं द्या. येत नसंल तं दूर उभे राहा, हसू नका, माझी कुत्री मारू नका.

बाबाचा बूट आता माळ्यावर नाही. दाराच्या आत मी एक खिळा ठोकला, त्याले टांगला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसते. यानंतर माझ्या नाकाशी ज्यानं जोडा आणला, त्याचं नाव मी शुद्धीवर आल्यावर विचारणार आहे. पोलीस ठाण्यात ते नाव सांगणार आहे. पण ठाण्यात जायच्या आधी हा बूट हातात घेऊन त्याच्या दारात जाणार आहे, भर दिवसा, लिफ्टनं, भुरीले सोबत घेऊन.

हुंगवायले नाही.